सुई टोचणारा किती शिकला?

तंबाखूचे शेंडे खुडून, ऊस तोडून कोगनोळी भागात कंबर धरणारे पुष्कळ. त्यांना कोणी चिनी सुईउपचार, म्हणजे ॲक्युपंक्चर, सुचवितो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. १९३८ साली सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर चीनला गेलेले कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे तेथेच ही विद्या शिकले. मुरलेले डॉक्टर असून पुन्हा विद्यार्थी झाले! वैद्याची पारख मी यावरूनच करीन. चार दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून शिकणे थांबविले, तो कसला वैद्य? बंधुभगिनींनो, सुई नवी व निर्जंतुक आहे का, हे बेधडक विचारा. कंबरदुखीत पाय लुळा पडला किंवा लघवी अडली, तर मात्र सुईची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठा.