मताची किंमत मतदानानंतर



निवडणूक आली की कापसाला भाव, कर्जातून मुक्ती, सारं काही मिळणार असतं. ही रीत आजची नाही. १९३७ सालचा हिशेब काढून पाहा.

इंग्रजांनी १९३५ चा कायदा केला. प्रांतात निवडून आलेलं मंत्रिमंडळ, पण त्याच्या मानेवर खास अधिकार घेऊन बसलेला गव्हर्नर. काँग्रेस म्हणाली, ही घटना आम्हाला नामंजूर. आम्ही निवडणूक लढवू, ती आत शिरून घटना मोडायला. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन प्रथमच खेड्यात भरलं. सारा, खंड आणि कर्जाचा बोजा कमी करू, असं तिथे ठरलं. मुंबई प्रांतात १७५ पैकी ८६ जागा पदरात पडल्या. तरी गव्हर्नर आडवा येणार नाही अशी हमी हवी म्हणून काँग्रेस तीन महिने सत्तेपासून दूर राहिली. जुलैत वर्ध्याच्या बैठकीने परवानगी दिली आणि बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं.

साहेबाकडून हमी मागितली, ठीक. शेतकऱ्याला दिलेल्या हमीचं काय झालं?

पनवेलजवळच्या करंजाड्याला आज इमारती उभ्या आहेत. हे गाव ज्या कुलाबा जिल्ह्यात होतं, तिथे कुळांच्या मानेवर खोत बसलेला. अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून जमीन कसणंच बंद केलं होतं. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. १९३९ मध्ये कुळकायदा आणि कर्जनिवारणाचा कायदा झाला, हे खरं. पण त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ साल उजाडलं.

मोर्चात चालणाऱ्या बहुतेकांना तेव्हा मताचा अधिकारही नव्हता. सारा भरणारा, मालमत्तेचा धनी, शिकलेला, अशांनाच मत. तरीही त्यांनी दारात जाऊन जाब विचारला.

आपल्या प्रत्येकाजवळ मत आहे. पण मत टाकून आपण पाच वर्षं घरी बसतो. कापूस विकला तर काटा पाहतो, पट्टी मागतो, पैसे मोजून घेतो. मताची पट्टी मात्र कधी मागत नाही.

उमेदवार गावात आला की आश्वासन कागदावर घ्या. निवडून आल्यावर तोच कागद घेऊन त्याच्या दारात जा. एकट्याने नको, सारा गाव मिळून.