शिक्का कोणाच्या कनवटीला?

कान्होजी आंग्र्यांच्या काळात कोकणच्या दर्यावर दस्तकाशिवाय गलबत हाकारणे धोक्याचे होते. त्या दस्तकाला वजन होते ते त्यावरील शिक्क्याचे. कागद कोणीही लिहील, शिक्का मात्र धन्याचाच हवा!

आज अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या ग्रामपंचायतींत त्या शिक्क्याची जागा बोटभर लांबीच्या डोंगलने घेतली आहे. वित्त आयोगाच्या निधीतून ठेकेदाराचे बिल भागवायचे, तर २०२० मध्ये आलेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. सहीची गुप्त किल्ली डोंगलमधल्या चिपमध्येच तयार होते आणि तिथेच राहते. तिची नक्कल निघत नाही.

दोन सह्या कशासाठी? एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावे म्हणून. परंतु दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या एकाच खणात आणि पिनची चिठ्ठी त्यांनाच चिकटवलेली असेल, तर लक्ष ठेवायचे कोणी? निम्मी सरपंचपदे महिलांसाठी राखीव आहेत. बाईंची सही यजमानांच्या खिशात राहणार असेल, तर त्या आरक्षणाला अर्थ काय उरला? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४२ किल्ली सांभाळण्याची जबाबदारी प्रमाणपत्रधारकावरच टाकते. उद्या चौकशी लागली, तर ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरणार नाही.

यात अवघड असे काही नाही. मिळालेला पिन पहिल्याच दिवशी बदलावा, कोणाला सांगू नये. ठरावीक वेळा पिन चुकला की डोंगल कुलूपबंद होतो. म्हणून अंदाजाने आकडे दाबत बसू नये. घाईने तो ‘इनिशियलाइज’ करू नये. त्याने किल्लीच पुसली जाते आणि नवे प्रमाणपत्र काढावे लागते. डोंगल संगणकाला दिसला नाही, तर आधी दुसऱ्या पोर्टला लावून त्याचा ड्रायव्हर तपासावा. प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी महिनाभर नूतनीकरणाला लागावे. डोंगल हरवल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला तत्काळ कळवून ते रद्द करून घ्यावे.

मात्र सगळा दोष सरपंचांच्या माथी मारणेही बरे नव्हे. डोंगल हाती देऊन कोणी शहाणे होत नाही. पंचायत समितीने प्रत्येक नव्या सरपंचाला, विशेषतः महिलांना, स्वतःच्या हाताने सही करायला शिकवावे. गावकऱ्यांनीही ग्रामसभेत निधीच्या हिशेबासोबत एक प्रश्न विचारावा: डोंगल कोणाजवळ असतो?