लोकटकचा पैसा आणि इथाईचे दरवाजे

सरोवरांच्या जीर्णोद्धारासाठी सरकारने खजिन्याची गाठ सोडावी की नाही, हा वाद आता सहसा कोणी घालीत नाही. मध्यवर्ती सरकारने 2001 साली सरोवर-संरक्षणाची राष्ट्रीय योजना काढली. 2013 साली ती आणि पाणथळ जागांची जुनी योजना एकत्र केली, आणि ईशान्येकडील राज्यांच्या खर्चातील दर 100 रुपयांमागे 90 रुपये आपण सोसण्याचे पत्करले. हे योग्यच झाले. मणिपूरसारख्या लहान राज्याने आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून लोकटकसारखे विस्तीर्ण सरोवर सांभाळावे, असे म्हणणे न्यायाचे झाले नसते. आमचा प्रश्न निराळा आहे. हा पैसा कोणत्या अटीवर द्यावयाचा?

लोकटक हे ईशान्य हिंदुस्थानातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. त्याच्या काठचे मोइरांग गाव आमच्या वाचकांस आझाद हिंद सेनेमुळे ठाऊक असेल. 14 एप्रिल 1944 रोजी तेथे त्या सेनेचे निशाण चढले. पण या सरोवराची खरी नवलाई म्हणजे त्यावर तरंगणाऱ्या फुमद्या. गवत, मुळे, कुजका पाला व माती यांचे ते जाड थर. त्यांचा सुमारे पाचवा हिस्सा पाण्यावर दिसतो, बाकीचा खाली बुडालेला असतो. पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडी पाणी ओसरे, फुमदी खाली बसून तळाला टेके, तिची मुळे तेथील कस शोषून घेत, आणि पावसाळ्यात ती पुन्हा वर येई. जीर्ण झालेल्या फुमद्या खोर्डाकच्या प्रवाहातून मणिपूर नदीत वाहून जात. निसर्गाची ही सफाई फुकट चालली होती.

1983 साली जलविद्युत प्रकल्पासाठी इथाई येथे बंधारा उभा राहिला. एकशे पाच मेगावॅट विजेसाठी सरोवराची पातळी बारमाही उंच ठेवावी लागली. परिणाम दुहेरी झाला, आणि वरकरणी परस्परविरुद्ध! मध्य सरोवरात फुमद्या बाहेर जाण्याची वाट बंद होऊन त्या साचत गेल्या; तर दक्षिणेस कैबुल लामजाओच्या तरंगत्या राष्ट्रीय उद्यानात त्या तळाला टेकेनाशा होऊन पातळ पडू लागल्या. तेथे सांगाई नावाचे हरीण राहते. ते 1951 साली नामशेष झाले असे मानले गेले होते, 1953 साली पुन्हा आढळले, आणि 1975 च्या गणनेत अवघी 14 जनावरे निघाली. पुढे संरक्षणामुळे त्यांची संख्या वाढली खरी. परंतु ज्या जमिनीवर त्यांनी उभे राहावयाचे तीच त्यांच्या खुरांखाली फाटू लागली तर पहारेकरी काय करणार? पेंगबा मासा तर इरावतीच्या खोऱ्यातून येण्याची वाटच तुटल्यामुळे सरोवरातून गेला. मणिपूरने त्यास राज्याचा मासा ठरविले आहे. तो आता तळ्यात पोसावा लागतो.

1990 साली लोकटक रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ठरले, आणि 1993 साली धोक्यातील जागांच्या माँत्रो यादीत पडले. त्यावर सरकारने काय केले? शेकडो कोटी रुपये खर्चून यंत्रांनी फुमद्या उपसण्याचे काम हाती घेतले. जे काम नदी विनामूल्य करीत होती ते नदीची वाट अडवून ठेकेदारास द्यावयाचे, याला काय म्हणावे? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्याहून वाईट असे की, 2006 च्या कायद्याचा आधार घेऊन 2011 साली फुमद्यांवर राहणाऱ्या कोळ्यांच्या शेकडो झोपड्या जाळण्यात आल्या. बंधारा त्यांनी बांधला नव्हता. इंफाळचे सांडपाणी नंबुल नदीतून सरोवरात सोडणारेही ते नव्हते. सर्वांत दुबळा तोच अपराधी, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

मूळ कारणावर खर्च केला म्हणजे काय होते, हे ओरिसातील चिलिकाने दाखविले आहे. ते सरोवर खाऱ्या-गोड्या पाण्याचे. गाळाने समुद्राची वाट कोंडून त्याची दुर्दशा झाली होती, व तेही 1993 साली त्याच माँत्रो यादीत गेले होते. सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदण्यात आले. मासळी परत आली, आणि 2002 साली चिलिका यादीतून बाहेर पडले. लोकटक अजून तेथेच आहे. आमच्या कोल्हापूरच्या रंकाळ्यासही राष्ट्रीय योजनेतून पैसा मिळाला होता. तथापि सांडपाणी मिसळत असल्याची तक्रार त्यानंतरही ऐकू येत राहिली. तेव्हा हा दोष मणिपूरच्या अधिकाऱ्यांपुरता आहे असे कोणी समजू नये.

वीज काय आकाशातून पडणार, असे यावर विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे, कारण पाणी सोडावयाचे ते नेमके कोरड्या महिन्यांत, जेव्हा विजेसाठी साठ्याची गरज अधिक. बंधाराच काढून टाका, अशी मणिपुरातील पुष्कळांची मागणी आहे. त्यांची शेते पाण्याखाली गेली असल्यामुळे आम्ही त्यांस दोष देत नाही. परंतु तेवढे होईतो थांबण्याचे कारण नाही. उन्हाळ्याच्या तोंडी काही आठवडे दरवाजे उघडून पातळी उतरू द्यावी, त्यामुळे बुडणाऱ्या विजेची किंमत प्रामाणिकपणे मोजावी, आणि ती उपशाच्या ठेक्याऐवजी संरक्षणाच्या अनुदानातून भरून द्यावी. सरोवरासाठी पाणीच विकत घेणे, याहून सरळ खर्च आम्हांस सुचत नाही. 2023 च्या मे महिन्यापासून त्या राज्यात पेटलेल्या कलहामुळे अशा गोष्टींकडे लक्ष देण्यास वेळ नाही, असे दिल्लीत म्हटले जाईल. पण दरवाजे उघडण्यास शांततेची परिषद भरवावी लागत नाही, आणि कोळ्याचे पोट तर तोवर थांबत नाही.

अनुदानाचा पुढचा हप्ता देण्यापूर्वी मध्यवर्ती सरकारने इथाईच्या दरवाजांचे महिनेवार वेळापत्रक मागून घ्यावे, ते मणिपुरी भाषेत छापून सरोवराकाठच्या गावागावांत लावावे, आणि पाण्याची पातळी त्याप्रमाणे उतरली की नाही हे तपासणाऱ्या समितीत सरकारी अभियंत्यांइतक्याच जागा कोळ्यांस द्याव्यात.