शौर्याचा इतिहास आणि बेदखलीचा हिशोब

स्कॉटलंडच्या इतिहासावर, त्यातही तेथील लढाया व पलटणींवर, गेल्या काही वर्षांत इंग्रजीत जी पुस्तके आली ती आपल्या कार्यकर्त्यांनी जरूर वाचावीत, असे आम्ही सुचविले तर पहिला प्रश्न येईल तो असा की, कुठे स्कॉटलंड आणि कुठे आपण? परक्या सरदारांच्या लढाया वाचून आपल्या माणसाच्या पदरात काय पडणार? प्रश्न रास्त आहे. पण ही पुस्तके सरदारांची नाहीत. लढला कोण, मेला कोण आणि लढाई संपल्यावर जमीन कोणाच्या नावावर राहिली, असा रोखठोक सवाल ती करतात. हा सवाल आपलाही आहे.

सुरुवात कलोडनपासून करू. १६ एप्रिल १७४६ रोजी इनव्हर्नेसजवळच्या माळावर जेकोबाइट बंडखोरांचा सरकारी फौजेने तासाभराच्या आत धुव्वा उडविला. पुढे दोनशे वर्षे हेच सांगितले गेले की, तलवारी उपसून धावत आलेले डोंगरी रानटी लोक सुधारलेल्या बंदुकांपुढे गारद झाले. मरे पिटॉक यांच्या ‘कलोडन’ (२०१६) या पुस्तकाने या कथेतील हवा काढून घेतली. लढाईनंतर सरकारी सेनापतीने जप्त मालाचा जो हिशोब दिला त्यात बंदुका होत्या २,३२० आणि तलवारी अवघ्या १९०! रणभूमीच्या उत्खननात सापडलेल्या गोळ्यांनीही तीच साक्ष दिली. म्हणजे हरलेली फौज बंदुका घेऊन शिस्तीत लढणारी होती. तिच्यात सपाटीच्या मुलखातले लोकही मोठ्या संख्येने होते. मग ‘रानटी’ हा शिक्का कोणी मारला? जिंकणाऱ्याने मारला. एकदा माणसाला रानटी ठरविले की त्याची घरे जाळणे ही ‘सुधारणा’ ठरते. ही युक्ती आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

त्यानंतरचा कायदा पाहा. डोंगराळ भागातील लोकांची शस्त्रे काढून घेण्यात आली आणि त्यांचा पारंपरिक पोशाखही कायद्याने बंद झाला. ही पोशाखबंदी १७८२ पर्यंत टिकली. तिला एक अपवाद होता, राजाच्या फौजेचा! घरी किल्ट नेसला तर गुन्हेगार. तोच किल्ट नेसून साम्राज्यासाठी मरायला निघाला तर शूर हायलँडर. अँड्र्यू मॅकिलॉप यांनी २००० साली दाखवून दिले की, हायलँडमध्ये जमीनदारांनी फौजभरतीचा अक्षरशः धंदा मांडला होता. मुलगा पलटणीत द्या, जमिनीचा तुकडा कसायला मिळेल, असा तो व्यवहार होता. मुलगा गेला, पण जमीन राहिली का?

याचे उत्तर जेम्स हंटर यांच्या सदरलँडवरील पुस्तकात (२०१५) मिळते. सदरलँडच्या जमीनदारीतील कुळांच्या पोरांतून १७९९ साली ९३वी हायलँडर्स पलटण उभी राहिली. ८ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्ससमोर तोफांच्या माऱ्यात या पलटणीचे पाचशेहून अधिक जवान मेले वा जखमी झाले. शांततेच्या तहावर सह्या दोन आठवड्यांपूर्वीच झाल्या होत्या. बातमी तेवढी पोहोचायची होती. आणि घरी काय चालले होते? सहा-सात महिन्यांपूर्वी, १८१४ च्या उन्हाळ्यात, त्याच जमीनदारीतील स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून कुळे हुसकावली गेली, घरांचे छप्पर-वासे पेटविले गेले, कारण तिथे मेंढ्यांची कुरणे करायची होती. पोरगा परमुलखात राजासाठी मरत होता आणि राजाचे जमीनदार त्याच्या मुलखातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना उघड्यावर काढत होते.

या प्रकरणी खटला झाला. जमीनदारीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर आग लावण्याचा व सदोष मनुष्यवधाचा आरोप होता. अंथरुणाला खिळलेली एक वृद्धा घर पेटविल्यानंतर काही दिवसांत मरण पावली होती. एप्रिल १८१६ मध्ये इनव्हर्नेसला खटला चालला. ज्युरीत बहुसंख्य जमीनदार आणि त्यांच्याच पंक्तीत बसणारे लोक. सेलर निर्दोष सुटला. ज्या रॉबर्ट मॅकिड नावाच्या न्यायाधिकाऱ्याने तपास करून आरोप उभा केला, त्यालाच पद सोडावे लागले आणि १८१७ साली सेलरची लेखी माफी मागावी लागली. आरोपी मोकळा आणि तपास करणारा गुन्हेगार! आम्ही वकिली करतो, म्हणून ठामपणे सांगतो की निकालपत्र हा इतिहासाचा एक कागद आहे, संपूर्ण इतिहास नव्हे. ज्युरीत कोण बसले होते हे विचारल्याशिवाय तो कागद वाचता येत नाही. या नव्या इतिहासकारांनी ते विचारले.

टॉम डिव्हाइन यांचे ‘द स्कॉटिश क्लिअरन्सेस’ (२०१८) आणखी पुढे जाते. बेदखली केवळ डोंगरात झाली नाही. सपाटीच्या मुलखातून कॉटर नावाचा वर्ग त्याआधीच नाहीसा केला गेला, असे ते दाखवितात. कॉटर म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर राबून त्या बदल्यात झोपडी आणि जमिनीचा लहानसा तुकडा मिळविणारा माणूस. त्याच्या घराला आग लावली गेली नाही, त्याच्यावर गाणी झाली नाहीत, म्हणून त्याचे जाणे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. दुःखातही उतरंड असते. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्या दुःखाची नोंद सर्वांत शेवटी होते.

हे इतिहासकार स्वकीयांनाही सोडत नाहीत. इयन मॅकिनन आणि मॅकिलॉप यांच्या २०२० च्या अहवालानुसार पश्चिम हायलँड व बेटांवरील साठाहून अधिक जमीनदाऱ्या गुलामीच्या कमाईशी जोडलेल्या लोकांनी विकत घेतल्या. क्षेत्र दहा लाख एकरांहून अधिक. म्हणजे कॅरिबियन बेटांवरील काळ्या माणसाच्या घामातून आलेल्या पैशाने स्कॉटलंडच्या गरिबाच्या पायाखालची जमीन विकत घेतली गेली. शोषितांची नाती अशी सातासमुद्रापार जुळलेली असतात.

आता आपल्याकडे येऊ. १८०३ साली असईच्या रणांगणावर ७४वी आणि ७८वी हायलँडर्स पलटण लढली. म्हणजे हा इतिहास मराठवाड्याच्या मातीतही मिसळला आहे. पुढे इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चे शास्त्र रचले. हेदर स्ट्रीट्स यांनी २००४ च्या पुस्तकात हायलँडर, शीख आणि गुरखा यांना एकत्र तपासून दाखविले की, लढाऊपणा रक्तात नव्हता, तो राज्यकर्त्यांच्या सोयीत होता. त्याच सोयीने महारांना वगळले. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाची नावे कोरलेली असताना १८९२ च्या सुमारास महारांना पलटणीचे दार बंद झाले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्जात पूर्वजांच्या सेवेचा दाखला दिला, तरी दार उघडले नाही. हायलँडरला ‘शूर’ म्हणून भूमिहीन ठेवले आणि महाराला ‘अ-शूर’ म्हणून बाहेर काढले. शौर्याचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हाती असले की तो ते देतो तेव्हाही फसवतो आणि काढून घेतो तेव्हाही.

मग हायलँडच्या कुळाला जमीन कशाने मिळाली? बालाक्लाव्हाच्या पराक्रमाने नव्हे. १८८२ मध्ये स्कायच्या बेटावर ब्रेजच्या शेतकऱ्यांनी खंड रोखून पोलिसांना तोंड दिले. १८८३ मध्ये नेपियर आयोगासमोर गावोगावच्या कुळांनी आपल्या गेलिक भाषेत साक्षी दिल्या. १८८५ मध्ये त्यांचे उमेदवार संसदेत गेले. आणि १८८६ मध्ये कायदा झाला, ज्याने क्रॉफ्टर कुळाला बेदखलीपासून संरक्षण दिले. संघटना, साक्ष, मत आणि कायदा, हाच तो क्रम. आणि तेथेही भूमिहीन कॉटरच्या वाट्याला फारसे काही आले नाही, हे विसरता कामा नये.

स्तंभापुढे नतमस्तक व्हावे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु मानवंदना देऊन घरी परतलेल्या तरुणाने त्या नावांच्या मागे जावे. पेन्शनचे कागद, पलटणींच्या हजेऱ्या, वतनाचे दावे, जुन्या कोर्टांची दप्तरे मुंबई-पुण्याच्या अभिलेखागारांत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पडून आहेत. पेन्शन घेऊन गावी परतलेल्या शिपायाला पाणवठ्यावर जाऊ दिले का, त्याच्या जमिनीचे काय झाले, हे त्या कागदांना विचारा. आपल्या प्रकाशकांनी यांतील दोन-तीन पुस्तके तरी मराठीत आणावीत. स्कॉटलंडच्या अभ्यासकांनी सेनापतीच्या हिशोबातून बंदुका मोजल्या आणि दोनशे वर्षांचे खोटे पाडले. आपली दप्तरे अजून मोजायची आहेत.