ताईच्या हाताचे मोल



ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात मराठी बोलणारी घरे आजही आढळतात. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे पडली, तेच हे लष्कर. मध्यंतरी तेथील एका कुटुंबाकडे आमचे जाणे झाले. घरचे कर्ते गृहस्थ नगर जिल्ह्यातून नोकरीनिमित्त तिकडे गेलेले. आता ते हयात नाहीत. घरात आई, थोरली मुलगी व धाकटा मुलगा.

मुलाला छायाचित्रणाचा नाद आहे. राजा मानसिंह तोमराच्या मानमंदिरावरील निळ्या फरशा व त्यांवरील बदकांची रांग, तेली मंदिराचे उंच शिखर, १८७४ साली उभा राहिलेला जयविलास राजवाडा, अशी चित्रे तो टिपतो. त्याची ताई ती जाड कार्डांवर चिकटवते, कडा कापते आणि खाली सुंदर अक्षरांत स्थळाचे नाव लिहिते. ही कार्डे महाराज बाड्याच्या आसपासची दुकाने विकतात. महिन्याला २०० कार्डे खपत. तरी घरात पैसा दिसेना. आम्ही हिशेबाची वही मागितली.

एक कार्ड २० रुपयांस विकले जाई. दुकानदार शेकडा ३०, म्हणजे ६ रुपये ठेवी. घरी येत १४. छाप, कार्ड, डिंक, पाकीट व वाया गेलेला माल मिळून खर्च १३. उरला १ रुपया! एका कार्डास ताईची १० मिनिटे जातात. तासाला ६ कार्डे, म्हणजे तासाची मिळकत ६ रुपये. आणि त्यातच भावाच्या पहाटेच्या खेपा व कॅमेऱ्याची झीज.

“२० रुपये कोणी ठरवले?” आम्ही विचारले. मुलगा म्हणाला, “फादर, दुकानात छापील कार्ड १० ला मिळते. आपले हाताचे, म्हणून दुप्पट ठेवले.” आम्ही ताईच्या मजुरीविषयी विचारताच आई म्हणाली, “फादर, ती घरचीच. तिच्या हाताचे काय पैसे धरायचे?” ताई खाली मान घालून कडा कापीत राहिली.

वाचकहो, सारी चूक या एका वाक्यात होती. हजारोंनी छापलेल्या कार्डाची किंमत हाताच्या कार्डास माप म्हणून लावणे ही पहिली चूक. घरच्या माणसाचे श्रम फुकट समजणे ही दुसरी व मोठी. संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य किमतीचा विचार करताना सांगितले आहे की, वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्यास जी झळ लागते ती किमतीत धरावी. मात्र घेणाऱ्याची गरज पाहून किंमत चढवू नये. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात मजुराच्या रास्त वेतनाचा कैवार घेतला. ते वेतन कारखान्यात मागावे आणि घरात विसरावे, हे कसे?

मग आम्ही चौघांनी नवा हिशेब मांडला. साहित्य १३. ताईचा तास ६० रुपयांचा धरला, म्हणून १० मिनिटांचे १०. भावाचे श्रम व कॅमेऱ्याची झीज ३. पुढील मालासाठी शिल्लक २. एकूण २८. हे घरात आलेच पाहिजेत.

येथे एक फसगत संभवते. मुलाने २८ वर शेकडा ३० चढवून ३६ रुपये ४० पैसे लिहिले. परंतु दुकानदार आपला वाटा विक्रीच्या किमतीवर घेतो. ३६.४० मधून त्याचे १०.९२ गेले की हाती २५.४८ उरतात, म्हणजे शिल्लक तर नाहीच, मजुरीलाही कात्री. म्हणून २८ ला ७० ने भागून १०० ने गुणावे. उत्तर ४०. दुकानदारास १२, घरी २८.

दुकानदारास दोष देऊ नये. जागेचे भाडे, दिवा, नोकर हे त्यालाही आहेत. मात्र व्यवहार स्पष्ट असावा. माल जांगड दिला असेल, तर विकला जाईपर्यंत तो आपलाच. म्हणून किती कार्डे दिली त्याची सहीची पावती घ्यावी, दरमहा मोजणी करावी, मळलेली कार्डे परत आणावी. रोखीने घेणारा तोट्याची जोखीम स्वतःवर घेतो, त्यास थोडी अधिक सूट रास्त होय. आणि दुकानात ४० ची वस्तू घरी ३० ला कधीही विकू नये. तो दुकानदाराचा विश्वासघात ठरतो. जुन्या वास्तूंची चित्रे विकण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. कोणा माणसाचे चित्र त्याच्या संमतीवाचून विकू नये.

ग्वाल्हेरच्या वास्तू टिपणाऱ्यांत राजा दीनदयाळ हे थोर नाव. १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य भारतात हिंडले. त्याआधी इंदुरास बांधकाम खात्यात खर्चाचे अंदाज व आराखडे करणे हीच त्यांची नोकरी होती. कलावंताने हिशेब करू नये असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

पुढे मुलाचे पत्र आले. एका दुकानदाराने कार्डे परत केली. खप २०० वरून ९० वर आला. आईला धास्ती वाटली. पण पूर्वी २०० कार्डांवर साहित्य वजा जाता २०० रुपये उरत. आता ९० वर, कार्डामागे १५ प्रमाणे, १३५० उरले. ताईचे काम ३३ तासांवरून १५ तासांवर आले.

आमच्या गावांतून पापड, गोधड्या, टोपल्या, मेणबत्त्या घरोघर होतात. आज रात्री वही उघडा आणि साहित्याखाली एक ओळ वाढवा: करणाऱ्या हातांची मजुरी. लष्करातल्या त्या वहीत ती ओळ आता आईच लिहिते, असे मुलाने कळवले आहे. पुढे ताईचे नाव असते.