राळ कठीण होईपर्यंत

लग्नातील वरमाला कोमेजून तिचा चुरा होण्यापूर्वी पारदर्शक राळेत बंदिस्त करून भिंतीवर टांगावयाची हौस अलीकडे आपल्याही कुटुंबांत शिरली आहे. मुली घरीच राळ ओतून घड्याळे, तबके, नावाच्या पाट्या करतात. या कलेविषयी माझी तक्रार नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या राळेचा, माखलेल्या पेल्यांचा आणि चिंध्यांचा.

इपॉक्सी ही दोन द्रवांची जोडी: एक राळ, दुसरा हार्डनर. योग्य प्रमाणात मिसळून पुरता वेळ दिला, की त्यांचा टणक व बहुतांशी निरुपद्रवी पदार्थ बनतो. उपद्रव आहे तो त्याआधीच्या अवस्थेत. ओला द्रव त्वचेस वारंवार लागल्यास काहींना खाज, पुरळ, सूज असा विकार जडतो आणि एकदा जडला की तो सहसा जन्माची पाठ सोडत नाही. पुढे थेंबभर लागला तरी अंग उठते. चिकट पेला केराच्या डब्यात टाकून आपण मोकळे होतो. तो पुढे वेचला जातो सफाई कामगाराच्या हाताने, आणि त्या हातात पुष्कळदा मोजा नसतो.

यास्तव टाकावयाचे ते कठीण करून टाकावे. मात्र उरलेले मिश्रण पेल्यातच खोल साचू देऊ नये. या क्रियेत उष्णता निर्माण होते. ती कोंडली की मिश्रण धुमसू लागते, प्लास्टिकचा पेला वितळतो, प्रसंगी आगही लागते. ते पत्र्याच्या जुन्या झाकणात पातळ पसरून उघड्यावर, मुलांपासून दूर ठेवावे. बहुधा एका दिवसात ते घट्ट होते. थंडीत अधिक वेळ लागतो. काडीने टोचून पाहावे, बोटाने नव्हे. माखलेले मोजे, कागद, काड्याही तशाच वाळवाव्यात.

येथे एक गोम आहे. नुसत्या राळेने किंवा नुसत्या हार्डनरने माखलेली चिंधी महिनाभर ठेवली तरी कठीण होत नाही, कारण तिला जोडीदारच मिळालेला नसतो. अशी चिंधी आणि डब्यांच्या तळाशी उरलेला द्रव हा घातक कचराच समजावा. अ‍ॅसिटोनने पुसलेली फडकी तर पेट घेण्यास टपलेली असतात; ती चुलीपासून, दिव्यापासून लांब ठेवावीत. मोरीत काही ओतू नये आणि अंगणात शेकोटी करून जाळूही नये. त्या धुराने घशाची व छातीची हानी होते. हात माखल्यास साबण-पाणी वापरावे. अ‍ॅसिटोनने हात पुसण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने त्वचेचा तेलकटपणा जाऊन राळ आत शिरावयास वाटच मिळते.

घरगुती घातक कचरा निराळा ठेवावा, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितले होते. इंदूरच्या कचरागाडीत त्यासाठी स्वतंत्र कप्पा असतो. इतर गावच्या वाचकांनी नगरपालिकेत चौकशी करावी; तोवर डबा झाकण घट्ट लावून, आत काय आहे ते वर लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवावा.