पडता संघ, उठत्या आवया

संघ हरला की चाहत्याला वाईट वाटते, पण ते वाईट वाटणे त्याला पचवता येते. हार-जीत खेळात असायचीच. पचत नाही ती दुसरीच गोष्ट. संघाचे दिवस फिरले की त्याच्याभोवती बातम्यांचे मोहोळ उठते. मालक संघ विकणार, खेळाडूंचे पगार थकले, प्रशिक्षकाने सामान बांधले. सकाळी एक बातमी, दुपारी तिचा इन्कार आणि रात्री तिसरेच काहीतरी. संध्याकाळी गोल खाल्ल्याचे दुःख एकदाच होते. आवईचे दुःख मात्र दिवसातून चार वेळा होते, आणि त्यातले खरे किती हे कळायला मार्ग नसतो.

हा ताप सर्वांत जास्त कुणाला होत असेल, तर संघापासून लांब राहणाऱ्या चाहत्याला. जबलपूरचेच उदाहरण घ्या. मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग १८७० मध्ये याच गावी एकमेकांना मिळाले. फुटबॉलचे वेड असलेली दोन मोठी शहरे रुळांच्या दोन टोकांना आणि जबलपूर मधोमध. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि रेल्वे यांच्या नोकऱ्यांमुळे येथे मराठी आणि बंगाली कुटुंबे शेजारी शेजारी नांदली. बंगाली घरात मोहन बागान की ईस्ट बंगाल हा वाद, तर मराठी घरातल्या मुलांचे लक्ष पुण्या-मुंबईच्या संघाकडे. पण देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये आजवर जबलपूरचा काय, मध्य प्रदेशाचाही संघ खेळलेला नाही.

त्यामुळे बालेवाडीजवळ राहणाऱ्या चाहत्याला मैदानापर्यंत जाऊन सराव चालू आहे की फाटकाला कुलूप आहे, हे निदान डोळ्यांनी पाहता येत होते. जबलपूरच्या चाहत्याला ती सोय नाही. त्याचा संघ त्याला बातमीतच भेटतो. बातमी खोटी निघाली, की त्याच्या हाती काहीच उरत नाही.

पूर्वी बातमी रेल्वेने यायची. मोठ्या शहरांतली वर्तमानपत्रे दुसऱ्या दिवशी हातात पडत. बातमी शिळी असे, पण निदान चार लोकांच्या नजरेखालून गेलेली असे. आता ती क्षणात खिशातल्या फोनवर येते आणि ती कुणी लिहिली, कशावरून लिहिली, याचा पत्ताच नसतो.

पुण्याच्या चाहत्याने या बाबतीत जे भोगले, ते समजून घेण्यासारखे आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा एफसी पुणे सिटी हा संघ उभा राहिला. वाधवान समूह आणि अभिनेते हृतिक रोशन हे त्याचे मालक. इटलीतल्या फिओरेन्टिना क्लबशी त्याचे सहकार्य होते आणि बालेवाडीचे क्रीडासंकुल हे त्याचे घर. २०१७-१८ च्या हंगामात हा संघ चौथा आला आणि उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. पुढच्याच वर्षी घसरण सुरू झाली. प्रशिक्षक बदलले, संघ सातव्या क्रमांकावर गेला. तिकडे मालक समूह आर्थिक अडचणीत आल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मग कुजबुज सुरू झाली की संघ बंद होणार. कुणी म्हणे दुसऱ्या शहरात जाणार, कुणी म्हणे नवा मालक मिळाला.

यातली सर्वांत वाईट आवईच खरी ठरली. ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. त्याआधी २०१५ मध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी हे दोन क्लब संपले होते, तर २०१७ मध्ये डीएसके शिवाजियन्स बाहेर पडला होता. पाच वर्षांच्या आत एका शहराने वरच्या पातळीवरचे चार संघ गमावले. अशा गावच्या चाहत्याने यापुढे प्रत्येक वाईट बातमीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, तर त्याला दोष कसा द्यायचा? दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो.

पण आवई नेहमी खरी ठरते असेही नाही, आणि खरी गोची इथेच आहे. जानेवारी २०२० मध्ये मोहन बागानने कलकत्त्याच्याच एटीके क्लबशी हातमिळवणी केल्याची घोषणा झाली. हिरवा-मरून पोशाख जाणार, नावेचे चिन्ह जाणार, शंभर वर्षांहून जुना संघ पुसला जाणार, अशी भीती घरोघर पसरली. त्याच वर्षी जुलैमध्ये संचालक मंडळाने जाहीर केले, की रंग तोच राहील आणि नावही चिन्हावर राहील. क्लबच्या नावामागे लागलेले एटीके हे शब्द काही चाहत्यांना रुचले नाहीत. ते २०२३ मध्ये गेले. पण रंगांबद्दलची निम्मी भीती एका स्पष्ट निवेदनाने निवली. ते निवेदन सहा महिने आधी आले असते, तर किती झोपा वाचल्या असत्या!

निव्वळ थापेचा नमुना पाहायचा असेल तर जुलै २०२५ आठवावा. भारतीय संघाला प्रशिक्षक हवा होता. बार्सिलोनाचा माजी खेळाडू आणि प्रशिक्षक झावी याने अर्ज केला, पण तो परवडणार नाही म्हणून नाकारला गेला, ही बातमी देशभर झाली. परदेशातही तिची चर्चा झाली. दोनच दिवसांत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला सांगावे लागले, की झावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावांनी आलेले ई-मेल खरे नव्हते. एका बनावट पत्राने एवढ्या मोठ्या संस्थेची गंमत झाली. तिथे जबलपूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने ती बातमी खरी मानली, तर नवल ते काय?

त्यानंतर काही दिवसांतच खालिद जमील यांची नेमणूक झाली. महिंद्रा युनायटेडकडून ते खेळले, मुंबई एफसीचे ते अनेक वर्षे प्रशिक्षक होते. महिंद्राचा संघ २०१० मध्ये मालकांनी बंद केला, मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमध्ये तळाला गेला आणि नंतर दिसेनासा झाला. बंद पडलेल्या दोन क्लबांतून घडलेला माणूस देशाचा प्रशिक्षक झाला, ही बातमी झावीच्या थापेपेक्षा कितीतरी मोलाची होती. पण थाप जेवढ्या वेगाने पसरली, तेवढी ती पसरली नाही.

त्याच महिन्यात लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवले, की पुढचा हंगाम तूर्त थांबवला आहे, कारण महासंघाशी असलेला करार डिसेंबरमध्ये संपतो. ‘थांबवला’ या शब्दाचे ‘कायमचा बंद’ व्हायला एक रात्र पुरली. बंगळुरू क्लबने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचे जाहीर केले, ते मात्र खरे होते. जानेवारी २०२६ मध्ये क्रीडामंत्र्यांनी हंगाम सुरू होण्याची तारीख जाहीर केली. मधल्या सहा महिन्यांत किती आवया उठल्या आणि विरल्या, याची गणती नाही.

अशा दिवसांत घरातले वातावरणही बिघडते. मुलगा जेवताना फोनवरून मान वर करत नाही. वडील म्हणतात, ‘‘अरे, तो संघ तुला ओळखतो तरी का?’’ मुलगा ताटावरून उठतो. आजी म्हणते, ‘‘खेळच तो. एवढे काय मनाला लावून घ्यायचे?’’ मोठ्यांना वाटते, हे वेड आहे. पण त्या मुलाची तक्रार नीट ऐकली तर ती हरण्याबद्दल नसते. ‘खरे काय ते कुणी सांगत नाही,’ ही त्याची तक्रार असते. कारखान्यात टाळेबंदी होणार अशी कुजबुज ज्यांनी कधी ऐकली आहे, त्या वडिलांना तरी हे समजायला हवे. त्या वेळी साहेबांनी दोन शब्द स्पष्ट सांगितले असते तर बरे झाले असते, असेच त्यांनाही वाटले होते.

चाहत्याने स्वतःपुरते काही पथ्य पाळले, तर बराच ताप वाचतो. बातमी वाचली की आधी पाहावे, सांगणाऱ्याचे नाव आहे का. ‘सूत्रांकडून कळते’ एवढ्यावर बातमी संपत असेल तर तिला एक दिवस ठेवून द्यावे; खरी असेल तर ती दुसऱ्या दिवशीही खरीच राहते. पैशांच्या बाबतीत कागद बोलतो. नवे खेळाडू नोंदवण्यावर कोणत्या क्लबला बंदी आहे, याची यादी फिफा जाहीर करते. क्लब परवान्यांचे निकाल महासंघ जाहीर करतो. हैदराबादच्या क्लबवर थकलेल्या पैशांपायी अशी बंदी आली, तेव्हा ती कुजबुज नव्हती, नोंद होती. आणि ज्याची खात्री नाही, ती बातमी चार मित्रांना पुढे पाठवू नये. आवईला पाय नसतात, ती आपल्याच पायांनी चालते.

पण सगळे पथ्य रोग्यानेच पाळायचे का? क्लबांनाही काही कर्तव्य आहे. तिकिटे, टी-शर्ट आणि जयघोष यांसाठी चाहता ‘कुटुंबातला’ असतो. अडचण आली की तोच परका का होतो? घरात कर्ज झाले तर शहाणा कर्ता माणूस सगळ्यांना बसवून सांगतो, की यंदा हात आखडता घ्यावा लागेल. घरचे रडतात, पण टिकून राहतात. लपवून ठेवणाऱ्याच्या घरी ती बातमी शेजारी आणून पोहोचवतात, आणि ती दुप्पट होऊन येते.

जबलपूरच्या चाहत्याला संघाकडून करंडक मिळेलच असे नाही. ते त्याला माहीत आहे. पगार थकले असतील तर थकले म्हणा, संघ विकायचा असेल तर विकायचा म्हणा, एवढीच त्याची मागणी आहे. वाईट बातमी खरी असली तर तो ती सोसतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच रंगाचा सदरा घालून टीव्हीसमोर बसतो.